लिंबाची आखूड तुळई

तुळई वर चढली आणि आखूड पडली.

दहा-बारा गडी ती खांद्यावर घेऊन चढले होते. एक टोक पूर्वेच्या भिंतीवर टेकलं, गड्यांनी दम खाल्ला, हलगीवाल्यानं हलगी घुमवली, आणि मी नारळ माझ्या सासऱ्यांच्या, तात्यांच्या, हातात दिला. पण दुसरं टोक पश्चिमेच्या भिंतीपर्यंत पोचेचना. गड्यांनी ओढून बघितलं, रेटून बघितलं. लाकूड काही रबराचं नव्हतं. भिंत तिकडं, तुळई इकडं, आणि मधे चांगली दीड हात मोकळी हवा. नारळ फोडायला उचललेला तात्यांचा हात वरच राहिला. हलगीवाल्याची आमच्याकडे पाठ होती, तो बिचारा वाजवतच होता.

मग माझी नणंद हौसा हसली. तोंडात पदर कोंबून, पोट धरून, भिंतीला टेकून हसली. आता त्या तुळईवाचून सगळ्यात जास्त कुणाचं अडलं होतं, तर हिचंच. दोन आठवड्यांवर हिचं लग्न आलेलं, आणि तात्यांनी सांगून ठेवलेलं की नव्या घराचं माळवद झाल्याशिवाय पोरगी सासरी धाडणार नाही. माळवद म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छत. ते तुळईवर उभं राहतं. म्हणजे तुळई नाही तर छत नाही, आणि छत नाही तर लग्न नाही. आणि ही बया खुशाल हसत होती.

"हसतीस काय गं भवाने?" मी तिला चिमटा काढला.

"वैनी, त्या दोघांची तोंडं तरी बघ," ती म्हणाली.

त्या दोघांचं सांगायलाच हवं, कारण आमचं घर बांधलं ते त्या दोघांनी.

या गोष्टीला आता पन्नास वर्षं होत आली. हल्ली आमचं मळ्यातलं घर बघायला शहरातून माणसं येतात, भिंतींवरून हात फिरवतात, फोटो काढतात, आणि पश्चिमेकडं ही दुहेरी भिंत घालायची अक्कल कुणाची, म्हणून विचारतात. मी त्यांना चहा देते आणि खरं काय ते सांगते. कुणाचा विश्वास बसत नाही, पण त्याला मी काय करणार?

गवंडी होते मौलाचाचा. ताडमाड माणूस, कुठल्याही दारातून आत शिरताना वाकायचे. सुतार होते सोपानकाका, ते माझ्या खांद्याला लागायचे. सीनाकाठच्या निम्म्या घरांच्या भिंती एकाच्या आणि लाकूडकाम दुसऱ्याचं. दोघंही आपापल्या कामात एक नंबर, आणि दोघांचं बोलणं बंद. कारण काय, तर पूर्वी कुठल्याशा गावात घर पुरं झाल्यावर मालकानं मानाचा फेटा सुताराला आधी बांधला आणि गवंड्याला मागून. गवंडी म्हणाले, भिंत आधी. सुतार म्हणाले, चौकट आधी. झालं. तेव्हापासून दोघं एकाच घरावर राबायचे, एकाच पंगतीला जेवायचे, पण एकमेकांशी चकार शब्द बोलायचे नाहीत. काही सांगायचं असलं की मधे तिसरं माणूस लागायचं. आमच्या घराला ते तिसरं माणूस मी होते.

चाचा भिंतीवरून म्हणायचे, केशर, त्या सुताराला सांग, चौकट वाकडी हाय. सुतार तिथंच पुढ्यात रंधा मारत बसलेले, सगळं कानावर पडलेलं, पण मी जवळ जाऊन सांगेपर्यंत मान वर करायचे नाहीत. मी सांगितलं की म्हणायचे, त्येला सांग, चौकट सरळ हाय, डोळं वाकडं हायत. मग मी परत भिंतीकडे. स्वयंपाक राहिला, पोरं राहिली, माझं आपलं इकडून तिकडं चाललेलं.

पाया खणला त्या दिवशी चाचांनी सांगितलं होतं, त्या सुताराला सांग, बारा हाताची तुळई लागंल. मी जाऊन सांगितलं, बारा हात. यातला एक शब्द मी इकडचा तिकडं केला नाही, हे आजही शपथेवर सांगेन. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, हे सगळ्यांनाच ठाऊक. पण कुणाच्या कोपरापासून, हे विचारायचं मला कसं सुचणार? चाचांनी आपल्या हातानं खोली आखली, काकांनी आपल्या हातानं लाकूड कापलं. त्यानंतर कित्येक महिने तुळई बाभळीच्या सावलीत वाळत पडली होती. चाचा तिच्या जवळून जायचे नाहीत, कारण ती सुताराची. काका भिंतींच्या आत पाऊल टाकायचे नाहीत, कारण त्या गवंड्याच्या. मग कळणार कुणाला?

तर तुळई अशी अधांतरी, गड्यांनी खालून मेढी लावून टेकू दिलेला, आणि हे दोघं माझ्या दोन बाजूंना.

"केशर," चाचा म्हणाले, "त्या सुताराला सांग, मापं मानसाच्या हातानं घ्यायची असत्यात."

"त्येला सांग, मानसाच्याच हातानं घेतली," काका म्हणाले. "ताडाच्या न्हाई."

तात्यांनी नारळ खाली ठेवला. दोघांना हाताला धरून एका फळीपाशी आणलं आणि कोपर टेकून हात शेजारी शेजारी ठेवायला लावले. चाचांची बोटं काकांच्या पुढं चार बोटं उरली. बाराला चार किती, ते कुणी मोजलं नाही, सगळ्यांना वर दिसतच होतं. गड्यांतला एक जण फिसकन हसला, आणि मग जो तो हसायला लागला. तात्या मात्र हसले नाहीत. ते उठून बैलांकडे निघून गेले, आणि ते बघून हौसाचंही हसू थांबलं.

कारण हे लग्न आधीच एकदा पुढं ढकललं होतं. माघात ठरलेलं, पण तेव्हा भिंतीच पुऱ्या नव्हत्या. हौसाचे होणारे सासरे केरूआबा, नदीपलीकडचे, मानी गृहस्थ. त्यांनी समजुतीनं सांगून बघितलं होतं की व्याही, लग्न मांडवात लागतं, घराच्या छताला कोण विचारतो? नाहीतर आमच्या अंगणात लावू. तात्यांनी एकच उत्तर दिलं, छपरातून पोरगी धाडणार नाही. का, ते कुणाला सांगितलं नाही. आम्ही सगळे पाचटाच्या छपरात राहत होतो. मी लग्न होऊन तिथंच आले, माझी दोन्ही पोरं तिथंच झाली, त्यात कुणाला काही कमीपणा वाटला नव्हता. मग हौसाच्या वेळीच हा हट्ट कशाला? आमच्या मालकांनी एकदा विचारून बघितलं, तर तात्या वैरण टाकायला निघून गेले. सासूबाई असत्या तर त्यांनी कारण काढून घेतलं असतं, पण त्या माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. शेवटी केरूआबांचा निरोप आला, वैशाखातली ही तिथी टळली तर आम्ही दुसरीकडं बघू.

आणि हौसाला मुलगा पसंत होता. नुसता पसंत नाही, जीव जडला होता. त्यांच्या गावच्या जत्रेत त्यानं हिला रेवड्यांचा पुडा दिला होता, तो रिकामा कागद अजून हिच्या पेटीत होता. त्या दिवशी चुलीपाशी बसून ती म्हणाली, "वैनी, त्येंनी खरंच दुसरी बघितली तर?" एवढी खिदळणारी पोरगी, आवाज पार गेला होता.

आता इलाज दोनच होते. एक तर पश्चिमेची भिंत पाडून आत घ्यायची, नाहीतर तुळईला सांधा देऊन लांब करायची. भिंत पाडायला चाचा तयार होईनात, चूक सुताराची म्हणून. सांधा द्यायला काका तयार होईनात, चूक गवंड्याची म्हणून. शिवाय दुसरी तुळई करायची तर तेवढा मोठा कडुलिंब आता बांधावर उरला नव्हता. दोघंही हत्यारं गोळा करून आपापल्या घरी गेले. आमचे मालक म्हणाले, तिथी पुढं ढकलू, आबांच्या पाया पडू. मी म्हटलं, पाया पडायचं मागाहून बघू, आधी मला गावात जाऊन येऊ द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताकाची चरवी घेऊन मी मौलाचाचांच्या ओट्यावर गेले. ते माझ्याकडे बघेनात. मी ताक ओतलं आणि सहज सांगावं तसं सांगितलं, सोपानकाका म्हणत होते, पश्चिमेच्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही, असली भिंत पुन्हा बांधून होणार नाही.

चाचांच्या हातातला पेला थांबला. "आसं म्हनला?"

"म्हणाले की."

"त्यो सुतार?"

"दुसरा कुठला सोपानकाका आहे का गावात?"

त्यांनी पेला पुन्हा पुढं केला. मी उठले आणि तशीच सुतारवाड्यात गेले. काका पाय पसरून लाकूड तासायच्या वाकसाला धार लावत होते. त्यांना सांगितलं, मौलाचाचा म्हणतात, त्या तुळईला सांधा देणं म्हणजे पाप, एवढं सरळ लाकूड त्यांनी जन्मात बघितलं नाही. काकांनी धार लावायचं थांबवलं, दगडावर पाणी शिंपडलं, पुन्हा थांबले. मग म्हणाले, मग करायचं काय म्हनतो त्यो?

मी म्हटलं, तेच तुम्हाला विचारलंय त्यांनी.

खोटं बोलताना मला जराही कसंसं वाटलं नाही, उलट मजा यायला लागली. इतके महिने यांचे टोमणे मी इमानानं पोचवले, त्यातून काय निघालं? आता एक दिवस मनाचं पोचवलं तर कुणाचं काय बिघडलं? दुपारपर्यंत मी त्या दोन ओट्यांमधे इतक्या खेपा घातल्या की वाटेतली कुत्री भुंकायची थांबली. भिंत पाडायची नाही, सांधा द्यायचा नाही, हे दोघांनी एकदा मान्य केल्यावर उरलं काय? आतल्या अंगानं आणखी एक भिंत उठवायची, आणि तुळईचं टोक तिच्यावर टेकवायचं. ही युक्ती नेमकी कुणाची, ते मला आजही सांगता येणार नाही. निम्मी चाचांच्या ओट्यावर निघाली, निम्मी काकांच्या, आणि मधली कुठंतरी वाटेत माझ्या डोक्यात जुळली.

मग जी कामाला सुरुवात झाली! आमचे मालक आणि गडी ओढ्यातून गाडीनं दगड आणायचे, हौसा आणि मी चिखल तुडवायचो, चाचा थर रचायचे. दोन भिंतींच्या मधे दीड हाताची पोकळी राहिली. चाचा ती दगडगोट्यांनी भरून टाकणार होते, तर तात्या पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाले, राहू दे, धान्याला हुईल. भिंतीच्या पोटातल्या अशा कोठाराला आमच्याकडे बळद म्हणतात. एवढं मोठं बळद सीनाकाठी दुसरं नव्हतं. काकांनी लगेच त्याला खाली हात घालण्यापुरतं झाकण करून दिलं, चाचांनी न बोलता त्याला जागा सोडली. मी मनात म्हटलं, चला, गाडी रुळावर आली. अर्थात निरोप सांगायचं काम माझ्यामागं होतंच, आणि त्या निरोपांना मी वाटेत थोडा गूळ लावायची, तेही चालूच होतं.

भिंत उठली, टोक टेकलं, वरची बारीक लाकडं बसली. मग लग्नाला आठवडा असताना आम्ही इर्जिक घातली. इर्जिक म्हणजे काम एका घरचं आणि राबणार सगळा गाव. घरच्यांनी फक्त पोटभर जेवायला घालायचं. उजाडायच्या आत माणसं पाट्या, फावडी घेऊन मळ्यात हजर. बायका माझ्याबरोबर चुलींवर, गव्हाची खीर आणि आमटी रटरटत होती. वर लाकडांवर पाला पसरला, पाल्यावर भिजवलेली माती पडायला लागली, आणि ती दाबायला चाळीस-पन्नास माणसं हलगीच्या तालावर नाचायला लागली. माळवदाची माती पायांनीच बसवायची असते. नुसतं चालून कुणाला कंटाळा येईल, म्हणून नाचायचं.

याच वेळी बांधाकडून केरूआबांची गाडी आली. कडक इस्त्रीचं धोतर, गुलाबी फेटा. लग्न होतंय का मोडतंय, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आलेले, आणि मोडायचं तर ते तोंडावर सांगायच्या तयारीनं. मी घोटभर पाणी घेऊन पुढं जाणार तोवर गावातल्या कुणी तरी, ज्याला हे व्याही आहेत हे ठाऊकच नव्हतं, मातीनं भरलेली पाटी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, पाव्हनं, बघत काय बसलाय, द्या वर. आबा शेतकरी माणूस. हातात पाटी आली तसे पाय आपोआप शिडीकडं वळले. वर गेले ते गेलेच. थोड्या वेळानं बघते तर फेटा काढून कमरेला बांधलेला, धोतर खोचलेलं, आणि हा मानी माणूस लेझीम खेळल्यासारखा माती तुडवतोय. मी देवाला हात जोडले आणि तांब्या घेऊन घरात गेले.

घरात जायचं कारण म्हणजे सोपानकाका. आमच्याकडची रीत होती, की छतावर पहिला भार पडतो तेव्हा सुतारानं आपल्या तुळईखाली उभं राहायचं. आपल्या लाकडावर आपला भरवसा नसेल तर दुसऱ्यानं का ठेवावा? काका मधोमध उभे होते, डोक्यावर मातीचे कण पडत होते, आणि पन्नास माणसं वर धडधडत होती. दारात मौलाचाचाही उभे. त्यांनी आत यायचं काही कारण नव्हतं, रीत सुताराची. पण ते तिथून हलतही नव्हते.

तेवढ्यात तुळई कर्र करून बोलली.

वरची हलगी थांबली. पाय थांबले. काकांचा चेहरा पांढरा पडला होता, पण जागा सोडली नाही. माझ्या मनात एकच, की हौसाचं आता काय होणार. आणि तेव्हा चाचा वाकून दारातून आत आले, सरळ तुळईच्या आखूड टोकाखाली, आपल्या नव्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.

"सोपाना," ते म्हणाले, "तू मधला भाग सांबाळ. टोक माज्याकडं."

इतक्या वर्षांनंतरचा तो पहिला शब्द. काका त्यांच्याकडे बघतच राहिले. मग मान वर करून ओरडले, "थांबला कशाला रं? लाकूड बसतंय जाग्यावर. नाचा." हलगी पुन्हा कडाडली, धप धप सुरू झालं, आणि तुळईनं पुन्हा हूं की चूं केलं नाही.

दोघं तसेच उभे, मी मधे तांब्या घेऊन. जरा वेळानं काका म्हणाले, "मौला, बरं झालं तू सांधा नको म्हनलास. सांधा दिला असता तर आज तुटलीच असती."

"मी कवा म्हनलो?" चाचा म्हणाले. "तूच म्हनलास, भिंत पाडू नका."

"मी कशाला म्हनीन?"

मग दोघांनीही सावकाश माझ्याकडे मान वळवली. मी म्हटलं, पाणी देऊ का? आणि आधी कोण हसलं कुणास ठाऊक, पण चाचा भिंतीला धरून आणि काका खांबाला धरून हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसून झाल्यावर दोघं लगेच भांडायला लागले, हात तुझा लांब, हात तुझा आखूड, आणि मग फेट्यावर आले. इतक्या वर्षांचं साचलेलं, ते थोडंच एका दिवसात उपसून होणार होतं? पण आता मधे माझी गरज नव्हती. मी तांब्या तिथंच ठेवून बाहेर आले.

दुपारी माळवद पुरं झालं. केरूआबा शिडीवरून उतरले, गुडघ्यापर्यंत चिखल. तात्यांनी त्यांना तोवर बघितलंच नव्हतं. व्याह्याला तशा अवतारात बघून ते जागच्या जागी गोठले आणि पाय धुवायला पाणी मागवायला लागले. आबांनी त्यांना हाताला धरून नव्या घरात, सावलीत नेलं. आम्ही बायका, ते दोन म्हातारे, आमचे मालक, सगळे आतच होतो.

"व्याही," आबा म्हणाले, "माती तुडवली, आता इचारायचा हक हाय मला. ह्यो हट्ट कशाचा?"

तात्या एवढ्या माणसांत सांगणार नाहीत असंच मला वाटलं. पण ते भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "हौसाची आई हितं नांदायला आली तवा हे नुसतं रान व्हतं. छप्परबी न्हाई. नव्या नवरीचं माप ठिवायचं कुटं? मी दोन धोंडं मांडलं आन म्हनलं, ह्यो तुजा उंबरा. ती रुसली न्हाई. लुगडं वर धरलं आन वाड्यात शिरल्यागत त्या धोंड्यांमधनं आली." त्यांनी नव्या उंबऱ्याकडं बोट केलं. "तवा एकच मागून घेतलं तिनं. पोरगी झाली तर तिला तरी खऱ्या दारातनं धाडा."

आबांनी कमरेचा फेटा सोडला, तोंड पुसलं. मग म्हणाले, तिथी ठरल्याप्रमाणं. एक घटका इकडं न्हाई, तिकडं न्हाई. आणि खिरीचा वास येतोय, तर वाढा की.

पोरी दाराआडून ऐकत होत्या, त्यांच्यात एकदम कल्ला उठला. मला वाटलं हौसा लाजून पळाली. तर ही छपरात जाऊन आली ती हातात शेराचं माप घेऊन, ज्वारीनं काठोकाठ भरलेलं. नव्या उंबऱ्यावर तिनं ते ठेवलं आणि माझा हात धरून मला ओढत बाहेर अंगणात नेलं.

"वैनी, तू तरी कुटं माप ओलांडलंस? तुला बी छपरातच घेतलं," ती म्हणाली. "आता ये."

मला कळेचना. सात वर्षांची संसारी बाई मी, अंगावर जुनेर, पायाला चिखल, हाताला आमटीचा वास. मी म्हटलं, येड लागलंय का तुला? तर बायकांनी दार अडवलं. नाव घेतल्याशिवाय आत नाही. आमचे मालक तिकडं कानापर्यंत लाल झालेले, तात्या खाली बघून हसत होते. आणि खरं सांगते, मला त्या क्षणी इतकं हवंहवंसं वाटलं ते सगळं, की लाज गेली कुठल्या कुठं. डोक्यावर पदर घेतला आणि म्हटलं,

"तुळई पडली आखूड, भिंत आली आत,
भानुदासरावांच्या घरात शिरते सात वर्षांनी थाटात."

सगळा मळा हसला. मी उजव्या पायानं माप लवंडलं आणि घरात आले. जेवायला पंगती बसल्या तेव्हा सोपानकाका माझ्या कानाशी म्हणाले, पोरी, उंबरा कशाचा हाय ठावं का? तुळई कापून उरलेल्या तुकड्याचा. नीट मापली असती तर उंबऱ्याला लाकूडच नव्हतं उरत.

घरातली जमीन त्या वेळी नुसती ओल्या मातीची होती, अजून चोपायची, सारवायची बाकी. गडबडीत सांडलेली ज्वारी कुणी वेचली नाही. चार-पाच दिवसांनी मी सारवायला बसले तर उंबऱ्याच्या आत हिरवे कोंभ. मी उपटायला हात लावला आणि तात्या पाठीमागून म्हणाले, केशर, तेवढा कोपरा राहू दे. बाकी सगळं घर सारवलं, तेवढा कोपरा सोडून. मांडवात अक्षता पडल्या तेव्हा तिथं बोटभर पीक उभं होतं. वऱ्हाडातल्या बायका येता-जाता विचारायच्या, हे काय गं, घरात पेरणी? मौलाचाचा सांगायचे, ही सुताराची करणी. सुतार सांगायचे, ही गवंड्याची.

हौसा निघाली तेव्हा सगळ्यांच्या पाया पडली, माझ्या गळ्यात पडून रडली, मीही रडले. मग ती दाराशी आली. शालू दोन्ही हातांनी वर धरला, कोंभांना पाय लागू न देता उंबरा ओलांडला, आणि मागं वळून तात्यांकडे बघून हसली.

तात्या म्हणाले, "आईवर गेलीया."

आणि ते डोळे पुसायला बैलांकडे गेले नाहीत, तिथंच दारात उभे राहून सगळ्यांच्या देखत रडले.